मे महिन्यात वॉक नाहीतर रनिंग सुरू करताय? नागपूरच्या उन्हात राहणाऱ्याकडून थोडं ऐकून घ्या

दरवर्षी एप्रिल लागला की मला तीन-चार जणांचे तरी फोन येतात आणि प्रश्न एकच, भाऊ उद्यापासून वॉक सुरू करून राहिलो, फुटाळा तलावावर किती वाजता येऊ? म्हणजे डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पहाटे चालायची जी मजा असते ती अख्खी रजईत घालवायची, मग मार्च एंडिंगला शुगरचा रिपोर्ट येतो, डॉक्टर म्हणतात रोज पाऊण तास चाला, की नवे शूज घेऊन गडी थेट ४३ डिग्रीत नारळ फोडायला हजर. मी कोणाला थांब म्हणत नाही, कारण जून उजाडेपर्यंत थांबलेला माणूस दिवाळीपर्यंत थांबतो हे पाहिलेलं आहे. पण उन्हाळ्यातली सुरुवात आणि हिवाळ्यातली सुरुवात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून दर फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. मी डॉक्टर नाही, कोचही नाही, दहाएक उन्हाळे इथेच पळालोय आणि त्यातला एक चांगलाच अंगाशी आला होता, तेवढीच माझी डिग्री.

सगळ्यात आधी, घराबाहेर पडायच्या आधीचं

बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला एक फोन करा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात, काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि उन्हात शरीराला नेमक्या याच दोन गोष्टींची गरज पडते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही हां, फक्त विचारायचं की मी सकाळी अर्धा तास चालणार आहे, काही बदल लागेल का. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, तेही विचारून घ्या. शुगर, हार्ट, किडनी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, यातलं काहीही असेल तर हा फोन टाळू नका.

आणि एक साधा नियम, काल ताप होता, जुलाब झाले, रात्री पार्टी झाली किंवा झोपच झाली नाही, तर आज सुट्टी. लग्नसराईत हे फार होतं. रात्री दीडला वरातीत नाचून आलेला माणूस पाचला वॉकला येतो आणि वर अभिमानाने सांगतो, बघा मी खंड पडू दिला नाही. अरे बाबा, पडू दे की एक दिवस.

वेळ

मुंबई-पुण्याच्या लोकांचे व्हिडिओ बघून सहाचा अलार्म लावू नका. नागपूर पूर्वेला आहे त्यामुळे मेच्या मध्यात इथे सूर्य ५:३५ च्या आसपास उगवतो, मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी, आणि सव्वापाचलाच रस्ता दिसेल इतकं उजाडलेलं असतं. चोवीस तासातलं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागेच असतं. म्हणजे सव्वापाचला निघून सहाला परत हा सोन्याचा पाऊण तास आहे, साडेसहापर्यंत ठीक, सातनंतर ऊन चावायला लागतं, आणि आठ वाजता जे घामाघूम होऊन पळताना दिसतात त्यांच्याकडे बघून इन्स्पायर व्हायचं नाही, ते एकतर खूप मुरलेले असतात नाहीतर त्यांचा दिवस भरत आलेला असतो.

संध्याकाळी चाललं तर चालेल का, हा पुढचा प्रश्न. चालेल, पण साडेसातच्या आधी नाही. सूर्य पावणेसातला मावळला तरी आपले सिमेंट रोड दिवसभर गिळलेली गरमी रात्री उशिरापर्यंत ओकत असतात. खात्री करायची असेल तर एक टेस्ट करा, हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून दहापर्यंत मोजा. चटका बसून हात उचलावासा वाटला तर तो रस्ता तुमच्या पायालापण तसाच तापवणार आहे, फक्त बुटामुळे तुम्हाला उशिरा कळणार. मेमध्ये मी संध्याकाळी सात वाजता ही टेस्ट बऱ्याचदा फेल होताना बघितली आहे.

हवामानाचा आकडा बघताना सगळे कमाल तापमान बघतात, आज ४४, उद्या ४५, आणि त्यावर चर्चा. तुम्ही किमान बघा! तुम्ही बाहेर पडणार पहाटे पाचला, तेव्हा तुमच्या कामाचा आकडा तो आहे. किमान २६-२७ असेल तर मजेत जा. ३० च्या वर गेलं म्हणजे रात्रभर भिंती, रस्ते, तुमचं शरीर काहीच थंड झालेलं नाही, झोप धड लागलेली नाही, त्या दिवशी वेळ अर्धी करायची. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा रंगपण बघा, यलो असेल तर सांभाळून, ऑरेंज असेल तर नवख्याने उजाडता उजाडता वीसच मिनिटं चालायचं, रेड असेल तर घरात पंख्याखाली योगा करा नाहीतर जिना चढा-उतरा. सपाट भागात कमाल ४० च्या वर जाऊन ते नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने जास्त असेल, किंवा सरळ ४५ गाठलं असेल, तर खातं उष्णतेची लाट म्हणतं, ४७ झालं की तीव्र लाट. नागपूरने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ बघितलंय. २०२४ च्या मे अखेरीला इथल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ दाखवलं होतं, अर्धा दिवस सगळ्या ग्रुपवर तेच फिरत होतं, मग खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण हे लक्षात ठेवा की खात्याचा आकडा सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतल्या थर्मामीटरचा असतो. उन्हात तापलेल्या रस्त्यावर उभ्या माणसाला त्यापेक्षा जास्तच भोगावं लागतं.

जागा

झाड, माती आणि लवकर मदत मिळेल अशी माणसं, या तीन गोष्टी बघा. सेमिनरी हिल्स मला सगळ्यात आवडतं, झाडी आहे आणि शहरापेक्षा तिथली सकाळ स्पष्ट गार लागते. पण चढ आहे, नवख्याने पहिले दोन आठवडे चढाच्या वाटेला जाऊ नये. महाराजबाग, अंबाझरी, फुटाळ्याला लागून तेलंगखेडी गार्डन, कुठेही जा. तलावाकाठी गार वाटतं खरं, फक्त फुटाळ्याच्या मोकळ्या रस्त्यावर ऊन आलं की सावली शोधावी लागते, म्हणून मी उन्हाळ्यात गार्डनच्या आतच गोल मारतो. बोर होतं पण चालतं, आणि एकाच जागी गोल मारायचा मोठा फायदा म्हणजे पाण्याची बाटली एका बाकावर ठेवता येते आणि त्रास झाला तर तुम्ही घरापासून चार किलोमीटर लांब अडकलेले नसता. सुरुवातीला लांबचा रूट घेऊच नका.

अंधारात निघत असाल तर फिकट रंगाचा टी-शर्ट घाला, कुत्र्यांसाठी हातात काठी असली तर बरं, आणि घरी सांगून निघा. मोबाईल आणि खिशात पन्नास रुपये. हे पन्नास रुपये कशाला ते पुढे सांगतो.

पहिले चौदा दिवस, इथे घाई केली की संपलं

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच सोडून देतात. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि ही नुसती मनाची तयारी नसते, आतमध्ये खरोखरचे बदल होतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जायला लागतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडायला लागतात. घाम लवकर येणं ही चांगली गोष्ट आहे बरं का. बऱ्याच जणांना वाटतं मला दोन मिनिटात घाम फुटतो म्हणजे माझा स्टॅमिना नाही, उलट मुरलेल्या माणसाला घाम आधी येतो.

पण हा बदल घडायला रोज थोडी थोडी गरमी अंगावर घ्यावी लागते. थोडी. अमेरिकेत उन्हात काम करणाऱ्या नव्या कामगारांसाठी शिफारस आहे की पहिल्या दिवशी कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात, मग रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. आपल्याकडे नवा माणूस पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर करून त्याचा स्क्रीनशॉट टाकतो.

मी नव्या लोकांना देतो तो हिशोब असा. पहिले तीन दिवस पंधरा-वीस मिनिटं, नुसतं चालणं, तेही भाजी आणायला निघाल्यासारखं. चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत पंचवीस-तीस मिनिटं, थोडं झपझप. दुसऱ्या आठवड्यात पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि ज्याला पळायचंच आहे त्याने यात एक मिनिट हळू पळणं आणि तीन मिनिटं चालणं असं चार-पाच वेळा करायचं. पंधराव्या दिवसानंतर बघू. मधे दोन दिवस सुट्टी पडली तर काही बिघडत नाही, पण आठवडाभर गावाला लग्नाला गेलात तर परत आल्यावर दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करा, आणि तीन आठवडे गॅप पडला तर सवय मोडलीच समजा, पहिल्या दिवसापासून.

ज्यांचं घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी, त्यांना ही सवय व्हायला जास्त त्रास होतो कारण दिवसाचे साडेतेवीस तास त्यांचं शरीर महाबळेश्वरला राहतं आणि अर्धा तास नागपूरला येतं. कूलरवाल्यांचं जरा बरं.

वेग किती ठेवायचा? घड्याळ बघूच नका. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मधे धाप न लागता. एकटे असाल तर फोन आल्यासारखं स्वतःशीच बोला, तसंही हल्ली कोणी वेडं म्हणत नाही, वाटतं कानात ब्लूटूथ आहे. उन्हात त्याच वेगाला ठोके दहा-वीसने जास्त पडतात, कारण हृदय एकाच वेळी पायाला रक्त पुरवतं आणि गरमी बाहेर फेकायला कातडीलाही पुरवतं. म्हणून जानेवारीतला तुमचा वेग मेमध्ये यायलाच नको. आला तर समजा जोर नको तितका लागतोय. मी स्वतः मेमध्ये किलोमीटरला एक-सव्वा मिनिट हळू पळतो आणि ज्यांना लाज वाटते त्यांनी ॲप बंद ठेवावं.

पाणी, मीठ आणि तर्री

उठल्या उठल्या एक-दोन ग्लास पाणी, घोट घोट. पाव तास थांबा मग निघा. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल तर अर्धं केळं नाहीतर दोन खजूर. अर्ध्या तासाच्या चालण्याला साधं पाणी पुरतं, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट. तासाच्या वर पळणार असाल किंवा टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटत असतील तरच मीठ-साखरेचा विचार करा.

तुम्हाला नक्की किती घाम येतो हे एकदा मोजाच, फार सोपं आहे. चड्डी-बनियनवर वजन करा, जाऊन या, अंग पुसून परत वजन करा. माझं एकदा असं झालं, जाताना ७२.४ किलो, आल्यावर ७१.५, मधे ३०० मिली पाणी प्यालो होतो. म्हणजे गेला घाम नऊशे अधिक तीनशे, बाराशे मिली, तेही पाऊण तासात! मी त्याआधी छाती ठोकून सांगायचो की मला घाम कमीच येतो. एक किलो वजन उतरलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं, चरबी बिरबी काही नाही, तेव्हा काट्यावर वजन कमी दिसलं म्हणून खूश होऊ नका. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त उतरायला नको, सत्तर किलोच्या माणसाला साधारण दीड किलोच्या आत. जे गेलं ते पुढच्या दोन-तीन तासात सावकाश भरून काढायचं.

उलटंही होतं. भीतीपोटी काही जण तासाभरात दोन-तीन लिटर साधं पाणी ढोसतात, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि त्याला ऊन लागलं समजून घरचे अजून पाणी पाजतात. आल्यावर वजन जाताना होतं त्यापेक्षा जास्त भरलं तर पाणी नक्की जास्त झालंय.

ओआरएसबद्दल एक गोष्ट. मेडिकलमधून घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या. फळांच्या चवीची, नावात ओआरएस असलेली गोड पेयं टेट्रापॅकमध्ये वर्षानुवर्षं विकली जात होती, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांना ते नाव वापरायला बंदी घातली, तरी लोकांच्या डोक्यात ते बसलेलंच आहे. खरं पाकीट एक लिटरचं असेल तर अख्खं एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असलं काही करायचं नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, बोटाने वरचं झाडून टाकायचं. शुगर-बीपीवाल्यांनी रोज उठून हे प्यायचं नाही, ते त्रास झाला तर प्यायचं आहे.

बाकी आपल्याकडे उन्हाळ्यात कमी का आहे काही, मीठ-जिरं घातलेलं ताक घ्या, कैरीचं पन्हं घ्या, ज्वारीची आंबील घ्या. पन्ह्यात गूळ ओतताना मात्र हात आवरा, पाऊण तास चालून जाळलेलं एका ग्लासात परत येतं. आणि घरी येऊन माठाचं पाणी खुशाल प्या, घामात गार पाणी प्यायलं तर काहीतरी भयंकर होतं ही भीती सोडा, फक्त गटागटा नको. लघवीचा रंग बघत जा, फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा किंवा जळजळ, म्हणजे आई ज्याला उन्हाळी लागली म्हणते ते, तर दिवसभराचं पाणी कमी पडतंय. वॉकपुरतं पाणी पिऊन भागत नाही.

तर्री पोह्याचं, म्हणजे वर झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांचं काय? मला माहितीये तुम्ही निम्मे लोक त्यासाठीच येता. खा, पण आल्या आल्या लगेच नको, अंग गार होऊ द्या, पाणी पोटात जाऊ द्या. आणि रोज नको, हे मी नाही तो शुगरचा रिपोर्ट सांगतोय.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असं आमची आजी सांगायची. कांदा जेवणात खा, खिशात ठेवून फक्त चड्डीला वास येतो.

अंगावर काय

सैल, फिकट, पातळ. चालायला सुती चालतं, पळायला सुती घामाने जड होऊन अंगाला चिकटतं आणि काखेत, मांडीला घासून सोलवटतं, तिथे पातळ पॉलिस्टरचा स्पोर्ट्स टी-शर्ट बरा. मांड्या घासत असतील तर खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन लावा. टोपी पुढे चोच असलेली, वरून हवा जाणारी. डोक्याला दुपट्टा बांधायची आपली पद्धत उत्तम आहे, ओला करून मानेवर टाकला तर अजूनच छान, कारण विदर्भाची हवा कोरडी आहे, पाणी भराभर उडतं आणि उडताना गरमी घेऊन जातं, आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. पण गाडीवर बांधतो तसा नाका-तोंडावर घट्ट आवळून पळू नका. आणि वजन कमी व्हावं म्हणून ते रबरी, प्लास्टिकचे सॉना सूट घालून येणारे लोक दिसतात, ते बघून मला खरंच घाबरायला होतं. घाम उडाला नाही तर घामाचा उपयोग शून्य.

अंगावर काटा आला तर थांबा

आता ते अंगाशी आलेलं प्रकरण. मेचा तिसरा आठवडा होता, रात्री उशिरा झोपलो, अलार्म बंद करून परत झोपलो, आणि उठलो ते पावणेसातला. अक्कल सांगत होती आज सोड. पण एकवीस दिवस खंड नव्हता, तो मोडवेना. सव्वासातला फुटाळ्याच्या रस्त्यावर पळायला लागलो, ठरवलं होतं सहा किलोमीटर. चौथ्या किलोमीटरला डोकं ठणकायला लागलं, म्हटलं झोप कमी झालीये. मग एक विचित्र गोष्ट झाली, हातावर काटा आला. थंडी वाजल्यासारखा शहारा, ३५-३६ डिग्रीत, चांगलं ऊन अंगावर असताना! आणि मला वाटलं, वा, गार वाटायला लागलं, म्हणजे बॉडी सेट झाली, म्हणून मी वेग वाढवला. इतका मूर्खपणा. दोनशे मीटरवर पाय लटपटले, ओकारी आल्यासारखं झालं आणि समोरचा नारळपाणीवाला एकदम लांब लांब जायला लागला.

त्यानेच मला धरून हातगाडीच्या सावलीत बसवलं, बूट काढले, आणि नारळांवर शिंपडायला ठेवलेली पाण्याची बादली काहीही न विचारता डोक्यावर ओतली. मला फक्त एवढं आठवतं की तो सारखा विचारत होता, भाऊ नाव काय तुमचं, घर कुठे, आणि मी वैतागून उत्तर देत होतो. नंतर कळलं की तो बरोबर तेच करत होता जे करायला पाहिजे, माणूस नीट उत्तर देतोय का ते बघत होता. वीस मिनिटांनी उठून बसलो, दोन नारळ प्यालो आणि लक्षात आलं खिशात पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. ते पन्नास रुपये खिशात ठेवा म्हटलं ते यासाठी.

तर घामात असताना शहारा येणं, डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पोटरीत गोळा येणं, एकदम चिडचिड होणं, यातलं एकही आलं की त्या क्षणी थांबायचं. "त्या झाडापर्यंत जाऊन थांबतो" हेसुद्धा नाही. सावलीत बसा किंवा पाय वर करून आडवे व्हा, बूट-मोजे काढा, डोक्यावर-मानेवर पाणी, वारा, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे. बरं वाटलं तरी त्या दिवशी परत व्यायाम नाही, पुढचे एक-दोन दिवस पण नाही.

दुसरा कोणी पडला तर

हे वाचून ठेवा कारण उन्हाळ्यात गार्डनमध्ये कधीतरी कामी येईल. माणूस असंबद्ध बडबडतोय, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतोय, नाव-गाव सांगता येत नाही किंवा बेशुद्ध पडला, आणि अंग तापलंय, तर तो उष्माघात धरून चला. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट महागात पडतं. अंग कोरडं असेल तरच उष्माघात असं बरेच जण समजतात, तसं नाही, व्यायाम करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. आणि छातीत दुखतंय असं म्हणत असेल, किंवा श्वास चालू नसेल, तर हा वेगळा मामला आहे, तिथे पाणी ओतत बसू नका, आधी १०८ लावा.

उष्माघात असेल तर एकाने १०८ ला फोन करायचा, आणि बाकीच्यांनी ॲम्ब्युलन्सची वाट न बघता तिथेच, लगेच गार करायला लागायचं. सावलीत घ्या, वरचे कपडे काढा, मिळेल ते पाणी ओता आणि जोरात वारा घाला, टॉवेल, पुठ्ठा, काहीही. गार्डनमध्ये माळ्याचा होज पाईप असतो, ते फार भारी साधन आहे, फक्त मे महिन्यात पाईपमध्ये उन्हात पडलेलं पाणी आधी चहासारखं गरम येतं, ते आधी बाजूला सोडून द्या आणि मग माणसावर धरा. सरबतवाल्याकडे बर्फ असेल तर रुमालात बांधून मानेला, काखेत, जांघेत. गार पाण्याचा टब नाहीतर टाकं जवळ असेल आणि त्याचं डोकं धरून ठेवायला माणसं असतील तर मानेपर्यंत पाण्यात बसवणं सगळ्यात चांगलं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी, ओआरएस, काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी द्यायची नाही, तिचा इथे उपयोग नसतो. आणि पन्नास लोकांनी गोल करून वारा अडवून व्हिडिओ काढायचा नाही, हे सांगावं लागतं ही कमाल आहे.

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यातल्यांसाठी

तुमच्याकडे ३४ डिग्री आणि आमच्याकडे ४४, म्हणून आम्हाला हसू येतं, पण खरं सांगायचं तर पळायला तुमची हवा जास्त वाईट आहे. शरीर गार होतं ते घाम येण्याने नाही, घाम उडण्याने. आमच्याकडे मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की दोरीवरची चादर अर्ध्या तासात कडक, घाम आलेला कळतसुद्धा नाही (आणि म्हणूनच आम्ही पाणी कमी पितो, हा आमचा धोका). तुमच्याकडे हवेतच एवढं पाणी आहे की घाम नुसता गळतो, उडत नाही, गरमी आतच राहते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात तासन् तास बसलेले डझनभराहून जास्त लोक उष्माघाताने गेले, तेव्हा पारा ४० च्या खालीच होता. ते बसलेले होते, पळत नव्हते.

म्हणून तिकडे तापमानाइतकंच ह्युमिडिटी बघा. सकाळी थंड वाटतं पण दमटपणा सगळ्यात जास्त सकाळीच असतो, त्यामुळे वाऱ्याची जागा शोधा, समुद्राकाठ, खाडीकाठ, चार बिल्डिंगच्या मधला बंद जॉगिंग ट्रॅक नको. ओला दुपट्टा तिकडे फार कामाचा नाही. वेग अजून कमी, आणि टी-शर्ट बदलायला एक जास्तीचा.

नवतपा आणि त्याच्या पुढे

२५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा. या नऊ दिवसात नवं काही सुरू करू नका, वेळ वाढवू नका, फक्त चालू आहे ते टिकवा, तेही वीस-पंचवीस मिनिटं. आमच्या ग्रुपमध्ये नवतप्यात पळणं बंद, सगळे चालतात, गप्पा मारतात आणि कोणाच्या घरी कूलरला नव्या ताट्या लावल्या यावर पाव तास बोलतात.

मग जूनमध्ये पहिली सर येते, पारा एकदम सात-आठ डिग्रीने उतरतो, मातीचा वास सुटतो आणि सगळे म्हणतात चला आता मोकळं पळू. थांबा जरा! त्या पहिल्या आठवड्यात हवा दमट झालेली असते, मधेच कडक ऊन पडतं, आपण नागपूरकर अचानक मुंबईकर झालेलो असतो आणि शरीराला सवय आहे कोरड्या हवेची. मी ज्या लोकांना चक्कर येऊन बसलेलं पाहिलंय त्यातले बरेच मेमधले नाहीत, या जूनच्या उकाड्यातले आहेत. तेव्हा पाच-सहा दिवस परत हळू, परत बोलता येईल इतकाच वेग, मग पाऊस नीट लागला की वाढवा. आणि तोवर त्या नव्या शूजचा सोल घासायला लागला असेल तर ओल्या शेवाळावरून जपून, फुटाळ्याच्या पायऱ्यांवर दरवर्षी कोणीतरी आपटतंच.